पाळणाघर व्हाउचर (अमेरिका)

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मूल सांभाळण्याचा खर्च पेलावा म्हणून सरकारी निधीतून मिळणारे प्रमाणपत्र. अमेरिकेत या व्यवस्थेचा पाया 1990 च्या संघीय कायद्याने घातला. 1996 मध्ये विखुरलेले निधी एकत्र आणले गेले. पैसा मुख्यतः संघशासनाचा असतो. राज्ये त्यात भर घालतात आणि दर ठरवतात. साधारणपणे मूल 13 वर्षांखालचे, पालक नोकरी करणारे किंवा शिकणारे आणि उत्पन्न राज्याच्या मध्यक उत्पन्नाच्या 85 टक्क्यांच्या आत असावे लागते.

निवडीचे स्वातंत्र्य हे व्हाउचरचे मर्म. मोठे केंद्र, शेजारणीचे घरगुती पाळणाघर, चर्चने चालवलेली शिशुशाळा, इतकेच काय, राज्याच्या अटी पाळणारी आजीसुद्धा चालते. कुटुंब ऐपतीप्रमाणे थोडा वाटा उचलते. 2014 च्या दुरुस्तीने एकदा ठरलेली पात्रता किमान 12 महिने टिकू लागली. ही सुधारणा फार मोलाची, कारण नोकरीतल्या लहानशा चढउतारामुळे तान्ह्या मुलाचे ओळखीचे माणूस तुटणे क्रूरच होते.

मात्र ही मदत हक्क नाही. निधी अपुरा पडला की प्रतीक्षायादी लागते. पात्र मुलांपैकी बहुसंख्य वंचितच राहतात. सरकारी दर बाजारभावापेक्षा कमी असल्यास केंद्रे व्हाउचर नाकारतात. तान्ह्यांसाठी माणसे जास्त लागतात, म्हणून त्यांच्या जागा सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्मिळ असतात.