गाविलगड, 1803: तोफा डोंगर कशा चढल्या?

मे 1803 मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले. त्याच वर्षी डिसेंबरात असईचा विजेता आर्थर वेलस्ली मेळघाटात, नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगडासमोर उभा होता. पाठ्यपुस्तकात या मोहिमेला फार तर एक ओळ मिळते.

नकाशा पाहू. गडाला कड्यांचे संरक्षण; उत्तरेला मात्र एक अरुंद सोंड त्याला पठाराशी जोडते. तट फोडायचा तर जड तोफा तिथेच न्यायला हव्यात, आणि तिकडे रस्ता नव्हता! कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने 7 ते 12 डिसेंबर या काळात सुमारे 48 किलोमीटर रस्ता करीत करीत तोफा ओढल्या. (वर्गात 'उतरण' शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. चढ मंद केला की जोर कमी लागतो, अंतर मात्र वाढते.) आमच्या मते निकाल इथेच लागला. 13 तारखेला मारा सुरू झाला, 15 ला गड पडला. आतला तट फोडावा लागलाच नाही. काही शिपाई शिड्यांनी चढले व त्यांनी दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला.

17 डिसेंबरच्या देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. एवढ्या कष्टाने घेतलेला गाविलगड मात्र त्यांच्याकडेच राहिला.