बाळगोळी ते पाळणाघर

दिवस गेल्याचं कळलं की आमच्या मीरा रोडच्या सुना आधी डॉक्टर शोधतात आणि पाठोपाठ पाळणाघर. घरच्या वडीलधाऱ्या बाया हसतात, "अगं, बाळ तर येऊ दे!" पण सकाळची चर्चगेट लोकल धरणारीनं आणखी कधी शोधायचं?

गिरणगावच्या आयांना शोधायलाही काही नव्हतं. 1920 च्या दशकातही पाळीवर जाताना कित्येकजणी तान्ह्याला अफूची गोळी चाटवत, म्हणजे ते निजून राही. नाव काय, तर बाळगोळी! 1948 च्या कारखाना कायद्यानं पन्नासहून अधिक बाया कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. 1976 मध्ये पन्नासाचे तीस झाले. पण मोजायच्या त्या बायाच, जणू मूल बापाचं नव्हेच. बाया कमी ठेवल्या की मालकाचा पाळणा टळला. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला. बाया-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी मोजायचे ठरले, पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली.

भाईंदरच्या ज्या कारखान्यांत पन्नास माणसं भरत नाहीत, तिथली आई मूल थोरल्या लेकीच्या कडेवर देऊन येते. त्या दिवशी लेकीची शाळा बुडते.