रुद्ध रक्तमार्गाचा इतिहास



पवारांच्या घोडदळाबरोबर मराठी भाषा धार आणि देवास येथे आली. त्यामुळे घोड्यापासूनच विषयाला आरंभ करणे येथे अप्रस्तुत ठरू नये. फ्रान्समधील बूले या पशुवैद्याने १८३१ साली एका घोड्याचे वर्णन केले. तो चालता चालता लंगडे, थांबला की सावरे. कारण होते पायांकडे जाणारा रक्तप्रवाह अडल्याचे. १८५८ साली शार्को यांनी हेच लक्षण माणसात दाखवून दिले.

या विकाराचे मूळ पुष्कळदा ओटीपोटात असते. महाधमनी बेंबीच्या सुमारास दुभंगते आणि देवासच्या गादीच्या थोरल्या व धाकट्या पातींप्रमाणे तिच्या दोन शाखा होतात. एकेक शाखा एकेका पायाचा योगक्षेम वाहते. शाखा अरुंद झाली की चालताना कुल्ला, मांडी वा पोटरी दुखते.

१९६३ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर पोटातील धमन्यांचे चित्र घेण्यासाठी एक बारीक नळी वर सरकवीत होते. ती अनपेक्षितपणे अशाच एका बंद शाखेतून पार गेली आणि मार्ग मोकळा झाला. या योगायोगात त्यांना उपचार दिसला. १६ जानेवारी १९६४ रोजी, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या मांडीतील धमनी त्यांनी हेतुपुरस्सर रुंदावली. पाय वाचला. पुढे झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीला फुगा जोडला. जांघेतून तार अरुंद जागेपलीकडे न्यावयाची, तिच्यावरून फुगा नेऊन तो फुगवावयाचा आणि धमनीची भिंत ताणावयाची, ही ती रीत. आता तेथे पुष्कळदा धातूची जाळीही बसवितात. १९७४ साली हा फुगा पायाच्या धमनीत गेला. हृदयाची पाळी आली ती १९७७ साली.

लोकस्मृतीने मात्र हा क्रम पुसून टाकला. अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची, असेच आपण समजतो. म्हणून शंभर पावलांवर थबकणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या दुखण्याला आपण वात म्हणतो, वार्धक्य म्हणतो. या विलंबाची किंमत कधी कधी पाऊल गमावून द्यावी लागते. प्रत्येकाला फुगा लागतोच असे नाही. विडी-तंबाखू सोडणे, नियमित चालणे आणि औषधे हे पहिले उपाय होत. परंतु निदान आधी व्हावयास हवे. दंडाचा व घोट्याचा रक्तदाब ताडून पाहिला तरी पुष्कळ उलगडा होतो. त्यासाठी वैद्यांना सांगावयाचे वाक्य अगदी साधे आहे : चाललो की दुखते, थांबलो की राहते.