गिलाव्याचा हिशेब

जुन्या गोव्यातील बाँ जेझू बॅसिलिकेचा तांबूस, उघडा दगड पाहून तिच्या पुरातनतेची खात्री पटते. इतिहास मात्र निराळे सांगतो. १५९४ साली पायाभरणी होऊन १६०५ साली अभिषिक्त झालेले, संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष जतन करणारे हे मंदिर शतकानुशतके चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले होते. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या योजनेनुसार तो गिलावा उतरवण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, हा हेतू.

जांभा दगड सच्छिद्र असतो. गिलावा हे त्याचे पांघरूण होते. ते गेल्यावर कोकणचा पावसाळा थेट दगडावर कोसळू लागला. दर्शनी भागातील कोरीव कामाचा काळा दगड आपल्या वसईहून नेला, असे सांगतात. तो कणखर आहे. जांभ्याची मात्र झीज होत आहे. म्हणून पुन्हा गिलावा करावा, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात.

याचा खर्च आम्ही नाकारत नाही. चुना मुरवायला वेळ लागतो, त्यात मुरलेले गवंडी दुर्मीळ झाले आहेत आणि पांढरा हात वरचेवर फिरवावा लागतो. शिवाय दोन-तीन पिढ्यांच्या भक्तिभावाशी जडलेले तांबूस रूप झाकले जाईल, ही हानीही लहान नव्हे. परंतु चुना झिजला तर पुन्हा लावता येतो. झिजलेला दगड परत मिळत नाही.

मग टिकाऊ सिमेंट का नको? सिमेंटचा घट्ट थर भिंतीत शिरलेली ओल कोंडून ठेवतो आणि आतला दगड पोखरला जातो. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. चुना भाजण्यास सिमेंटपेक्षा कमी उष्णता लागते आणि भाजताना सुटलेल्या कर्बवायूचा काही भाग तो सुकताना पुन्हा शोषून घेतो. सृष्टीवरील भारही त्यामुळे हलका होतो.

आपल्या धर्मग्रामांतही जुन्या मंदिरांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी निघते. त्या वेळी 'एकदाच खर्च करू आणि मोकळे होऊ' हे वाक्य हमखास कानी पडते. पूर्वजांनी तसा हिशेब केला नव्हता. दरवर्षी थोडा चुना, थोडे श्रम, थोडी देखरेख, हा त्यांचा मार्ग. वारसा त्यामुळेच आपल्या हाती आला. पुढच्या पिढीच्या हाती आपण दगड ठेवणार की दगडाची माती, हे वर्गणीच्या वहीत पहिला आकडा मांडण्यापूर्वीच ठरवायला हवे.