मृत लाकडावरील सूक्ष्म कवके
वाळक्या फांद्या, ओंडके व सालींवर वाढणारी, बहुधा काही मिलिमीटर आकाराच्या फलपिंडांची कवके (बुरश्या). लाकडातील सेल्युलोज, लिग्निन यांसारख्या घटकांचे विघटन करून ती पोषण मिळवतात आणि जंगलातील अन्नद्रव्ये मातीत परत आणतात.

ओळख : प्रथम झाड कोणते व लाकडावर साल आहे की नाही, याची नोंद करतात; कारण अनेक जाती ठरावीक झाडांवरच आढळतात. १० पट भिंगातून फलपिंडाचा आकार (बशी, सुरई, गाठ), रंग व कडेचे केस पाहतात. निर्णायक लक्षणे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. धानीकवकांत बीजुके (प्रजननाच्या सूक्ष्म पेशी) पिशवीसारख्या धानीत, बहुधा ८, तयार होतात. गदाकवकांत ती गदेसारख्या पेशीवर बाहेरून, बहुधा ४, येतात. बीजुकांची लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजतात. आयोडीनच्या द्रावणाने काही जातींत धानीचे टोक निळे होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उतरणाऱ्या रंगाच्या छटेवरून हायपोझायलॉन या धानीकवकांच्या प्रजातीतील जाती वेगळ्या करतात. नमुना वाळल्यावर जिवंत पेशींची काही लक्षणे नाहीशी होतात. म्हणून तो ताजा असतानाच पाण्यात तपासावा. अगदी सारख्या दिसणाऱ्या जातींसाठी डीएनएतील आयटीएस भागाचा क्रम पाहतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रहात तुलनेसाठी वाळवलेले नमुने जतन केले आहेत.