धुराडे नसलेली चूल

कोराडीत ‘धुराडे’ हा शब्द उच्चारला की नजर आपसूक औष्णिक विद्युत केंद्राकडे वळते. १९७४ साली तेथील पहिला संच सुरू झाला आणि तेव्हापासून धूर ही गोष्ट या गावाच्या आकाशाची झाली. त्याच गावातील जुन्या घरांच्या चुलींना मात्र धुराडे नव्हते. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून आणि भिंतीच्या माथ्याशी ठेवलेल्या झरोक्यातून वाट काढीत असे. उरलेला रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जाई. जुन्या घरातील स्वयंपाकघर नव्याने बांधावे, पण त्याचे मूळ रूप हरवू नये, अशी इच्छा आजकाल अनेक जण व्यक्त करतात. ती ऐकताना आम्हांस प्रथम हा धूर आठवतो. मूळ रूपात त्याची गणना करायची की नाही?

आपल्या भाषेत देवळाचा जीर्णोद्धार होतो, घराची डागडुजी होते. स्वयंपाकघर मात्र नुसते ‘करून घेतले’ जाते. जतनाचा विचार दर्शनी भागापाशी, फार तर ओसरीच्या कोरीव खांबांपाशी थांबत आला आहे, हेच त्यावरून कळते. वस्तुतः जुन्या घरातील सर्वांत विचारपूर्वक मांडलेली जागा हीच असे. मातीच्या जाड भिंती, त्यांतील कोनाडे आणि फडताळ, शेणाने सारवलेली जमीन, घडवंचीवरचे पाणी, आढ्याला टांगलेले शिंके, कोपऱ्यात उतरंड. चुलीशेजारी वैल, म्हणजे मुख्य जाळाची उरलेली धग वाया जाऊ नये अशी योजना. आणि या साऱ्यातील बरेचसे पाटावर बसलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात. चुलीजवळचे कोनाडे आज आपल्याला फार खाली वाटतात. ते बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीला होते, हे ध्यानात घेतले की त्यांचा अर्थ उलगडतो.

परंतु ही मांडणी केवळ सोयीची नव्हती. घरात आत आत जाताना प्रत्येक उंबरठा कोणाला तरी अडवीत असे. कोणी अंगणातच थांबे, कोणी ओसरीवर. चुलीपर्यंत पोचण्याचा अधिकार मोजक्यांचा. ज्या घरांत सोवळे होते तेथे तर भिंतीपेक्षा हा नियमच अधिक पक्का होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन येते, ते वाङ्मयाचे विद्यार्थी विनोदाचा नमुना म्हणून वाचतात. आम्हांस ते घराच्या रचनेचे कागदपत्रही वाटते. अमुक दार येथेच का आणि पाणी त्या कोपऱ्यातच का, याची उत्तरे अशा पुस्तकांत सापडतात, नकाशात सापडत नाहीत. तेव्हा मूळ रूप जपतो असे म्हणणाऱ्याने आपण कोणता उंबरठा जपत आहोत हे एकदा स्वतःला विचारावे.

दुसरी गोष्ट अशी की, हे मूळ रूप स्थिर कधीच नव्हते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले, तेव्हा शहरांतील घरांत चुलीच्या बाजूला शेगडी बसली होती. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. १९५०च्या दशकात मुंबईत गॅसची नळकांडी मिळू लागली, आणि मग बाई उभी राहिली. हे अक्षरशः. ओटा आला तो या उभ्या बाईसाठी. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकातील वाटी-चमच्यांची मापे ओट्यावरच्या मांडणीला इतकी शोभतात की दोन्ही एकाच घडामोडीची अंगे वाटावीत. युरोपात हा बदल आखून झाला होता. १९२६ साली मार्गारेटे श्युट्ट-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने फ्रँकफुर्टच्या नव्या घरांसाठी पावले मोजून चिंचोळे स्वयंपाकघर रचले. ते हजारो घरांत बसले. बाईचे श्रम वाचले, पण त्या अरुंद जागेत ती एकटी पडली, अशी टीका पुढे झाली. आपल्याकडे असे काही कोणी आखले नाही. जुन्या खोलीतच भिंतीलगत एक ओटा उभा राहिला, आणि खालचे कोनाडे त्याच्या मागे बुजून गेले.

आता थोडे मातीविषयी, कारण जुन्या घरांचे खरे नुकसान येथेच होते. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतली माती भुसभुशीत झालेली दिसते. नळाची तोटी त्या भिंतीत चिणणे तर याहून वाईट. ग्रॅनाइटचा ओटा मातीच्या भिंतीत न रुतवता विटांच्या स्वतंत्र पायांवर, भिंतीपासून चार बोटे दूर उभा करावा, आणि भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्यावा. यात भावुकता नाही, हिशेब आहे. धुराचाही असाच हिशेब. चुलीच्या धुराने वरचे बांबू आणि वासे काळे होत, पण त्याच काजळीने ते किडीपासून बऱ्याच अंशी वाचत. बियाण्याची कणसे चुलीवर टांगली जात ती याचसाठी. गॅस आला, बाईचा खोकला थांबला, आणि छपराचे राखण करणारे कोणी उरले नाही. म्हणून चूल काढणाऱ्याने वाशांची तपासणी आणि कीडनाशक लेप यांचा खर्च आधीच धरावा. धूर परत आणावा असे कोणी सुचवील, तर त्याने आधी एक पावसाळा ओल्या लाकडांपुढे फुंकणी घेऊन बसावे.

कोराडीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. चुलीची राख भांडी घासायला जाई, उरलेली परसात. त्या राखेची जागा आज केंद्राच्या राखेने घेतली आहे. १९९९ च्या केंद्र सरकारी अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या परिसरातील विटांत राख मिसळणे बंधनकारक केले. सिमेंटमध्येही ती असते. जुन्या भिंतीला जोडून नव्या ओट्याचे पाये रचले जातात तेव्हा त्या करड्या विटांत कोळशाची राखच असते, आणि पाट्या-वरवंट्याचे काम करणारा मिक्सर त्याच कोळशावर फिरतो.

आमच्या पाहण्यातील एका घरात बदल करताना घरच्या वृद्ध बाईंना विचारले गेले की काय ठेवायचे. मुलांची अपेक्षा होती, त्या चूल म्हणतील. त्यांनी छपरातले काचेचे कवेलू दाखवले. दुपारी त्यातून उजेडाचा चौकोन जिथे पडतो तिथे त्या धान्य निवडीत. चूल गेली, ओटा आला, कोनाड्यांपैकी दोन उरले. कवेलू उतरवून धुतले गेले आणि त्याच जागी बसवले गेले; ओट्याची लांबी त्यासाठी दीड फुटाने कमी करावी लागली.