माशी शिंकते कुठे?

आष्टीच्या माणसाने ट्राउट माशाविषयी लिहायचे, म्हणजे ब्रह्मचाऱ्याने बारशाच्या घुगऱ्या वाटायच्या. ट्राउटला लागते थंडगार वाहते पाणी. बीड जिल्ह्याच्या आमच्या टोकाला उन्हाळ्यात पाणी येते ते टँकरने, आणि तेही कोमट! मासेमारी म्हणाल तर गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली, की आमचे शास्त्र संपले.

साहेबाचे तसे नाही. आम्ही माश्या मारतो, तो माश्या बांधतो. गळाच्या आकड्यावर दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसे गुंडाळून तो तरंगणारी खोटी माशी करतो. तिचे नाव ड्राय फ्लाय. १८८६ साली फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी तिच्यावर चक्क ग्रंथ लिहिला. पुढे पिसे हिंदुस्थानातूनही जाऊ लागली आणि १९०० साली ट्राउटची अंडी विलायतेहून काश्मीरला आली. कोंबडा आपला, मासा त्यांचा, देवाणघेवाण झाली!

एवढे करूनही शहाणा ट्राउट माशीजवळ येई, न्याहाळी आणि पाठ फिरवी. माशी शिंकली कुठे?

जॉन गॉडार्ड आणि ब्रायन क्लार्क यांनी मग पाण्याखालून बघितले. १९८० साली त्यांचे पुस्तक आले. पाण्यातल्या माशाला बाहेरचे जग दिसते ते डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून, सुमारे ९७ अंशांच्या. भोवतीचे पाणी खालून आरशासारखे. त्या आरशातून खाली लोंबणारा आकडा माशाला आधी दिसतो, माशीचे सौंदर्य मागाहून. म्हणून या दोघांनी माशीच उलटी केली. पिसांचे चक्र आडवे बांधले. माशी पाण्यावर उतरते ती आकडा आभाळाकडे करून!

माशी सुबक ठरत होती ती बहुधा बांधणाऱ्याच्या डोळ्यांना. गिळायची ज्याला, त्याच्या डोळ्यांनी बघणारे थोडेच. आम्हां आष्टीकरांना याचे नवल नाही. दुष्काळाची पाहणी जीपच्या खिडकीतून होते आणि तिथून कर्जाची योजना मोठी देखणी दिसते. आकडा दिसतो तो खालच्याला.

शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी ही उलट्या माशीची कथा मोठ्या उत्साहाने सांगितली. म्हटलं, "बघा तात्या, शेवटी कुणीतरी माशाच्या बाजूनं विचार केला!"

तात्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिले.

"माशाच्या बाजूनं कशाचा, गुरुजी? आधी आकडा दिसत तरी व्हता!"